सत्य खरेच मधोमध असते का? मच्छरदाणी, मुंबईचे भाडे आणि ‘मध्यममार्गी’ मताची परीक्षा

सरकारने लोकांना वस्तू फुकट द्याव्यात की नाही, हा वाद आपल्याकडे आता बारमाही झाला आहे. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती महामार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली आणि तेव्हापासून निवडणूक कोणतीही असो, हा शब्द परत येतोच. एक बाजू म्हणते, फुकट मिळालेल्याची माणसाला किंमत राहत नाही. दुसरी विचारते, गरिबाच्या पदरात काही पडले की लगेच डोळ्यांत का खुपते? अशा चर्चेत एक तिसरा माणूस हमखास असतो. तो दोघांना शांत करतो आणि म्हणतो, “दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. अगदी फुकट नको, अगदी महागही नको. थोडेसे पैसे घ्या.” ऐकणाऱ्यांना तोच सगळ्यांत समंजस वाटतो.

तो बरोबर असूही शकतो. पण तो दोघांच्या मध्ये उभा आहे, एवढ्यावरून ते कळत नाही. राजकीय गप्पांमध्ये ‘मी ना डावा, ना उजवा’ आणि ‘मी पुरावा बघून मत ठरवतो’ ही दोन वाक्ये बहुतेकदा एका दमात म्हटली जातात. दोन्ही म्हणणारा कोणत्याच पक्षाचा झेंडा हातात घेत नाही, त्यामुळे ती एकच वाटतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी दोन्ही बाजू काय म्हणतात एवढे ठाऊक असले की भागते. दुसऱ्यासाठी ज्या गोष्टीवरून वाद आहे, त्या गोष्टीपाशी जाऊन बघावे लागते.

या फरकाची किंमत किती मोठी असू शकते, हे केनियातल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. तिथे ‘मधला मार्ग’ म्हणजे शब्दशः एक छापील किंमत होती.

फुकट, बाजारभावाने की अल्पदरात?

२००० नंतरच्या दशकात आफ्रिकेतल्या मलेरियावर जगभर खल चालला होता. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मलेरिया रोखते, यावर फारसे दुमत नव्हते. डास जाळीला अडतो आणि जाळीवर बसला की मरतो, त्यामुळे मच्छरदाणीत न झोपणाऱ्या शेजाऱ्यालाही थोडे संरक्षण मिळते. प्रश्न होता तो ती लोकांपर्यंत पोहोचवायची कशी, हा.

अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांचे म्हणणे होते की त्या सरळ फुकट वाटाव्यात. ज्या घराची दिवसाची कमाई एक-दोन डॉलर आहे, ते घर मच्छरदाणीवर पाच-सहा डॉलर खर्च करणार नाही आणि त्या घरातले मूल तापाने जाईल. दुसरे अर्थतज्ज्ञ विल्यम ईस्टर्ली यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याला हरकत घेतली. फुकटच्या जाळ्या काळ्या बाजारात जातात, मासे पकडायला किंवा नवरीच्या डोक्यावरच्या जाळीसाठी वापरल्या जातात, असे ते म्हणत. त्यापेक्षा मलावी देशात गरोदर स्त्रियांना दवाखान्यातच सुमारे अर्ध्या डॉलरला मच्छरदाणी विकण्याचा जो कार्यक्रम चालला होता, तो त्यांना अधिक शहाणपणाचा वाटला.

पूर्ण किंमत आणि शून्य किंमत यांच्या मधला हा अल्पदर अनेक मदत संस्थांनी आधीच स्वीकारला होता. त्यामागे तीन कारणे दिली जात. पैसे मोजले की माणूस वस्तू जपून वापरतो. ज्याला खरी गरज आहे तोच पैसे मोजतो, म्हणजे माल वाया जात नाही. आणि कार्यक्रमाचा थोडाफार खर्चही निघतो. मराठी घरांत ‘फुकटचे पचत नाही’ असे म्हणतात, त्यातलाच हा विचार. तर्क म्हणून तिन्ही कारणे चांगली होती. फक्त ती कुणी नीट तपासलेली नव्हती.

ते काम जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपा या दोन संशोधकांनी केले. पश्चिम केनियात गरोदर स्त्रियांची तपासणी करणारे २० दवाखाने त्यांनी निवडले. कोणत्या दवाखान्यात मच्छरदाणी कितीला द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, केवळ योगायोगावर ठरवले. असे करण्याचे कारण साधे आहे. आधीच सधन असलेल्या गावात किंमत जास्त आणि गरीब गावात कमी ठेवली असती, तर पुढे दिसणारा फरक किमतीचा की गावाचा, हे कळलेच नसते. काही दवाखान्यांत मच्छरदाणी फुकट मिळाली. काही ठिकाणी तिची किंमत होती, पण जास्तीत जास्त ४० केनियन शिलिंग, म्हणजे सुमारे ६० सेंट. यातही ९० टक्के सवलत होती आणि त्या वेळी केनियात गरोदर स्त्रियांना ज्या दराने मच्छरदाणी मिळत होती, त्यापेक्षा हा दर १५ सेंटने कमीच होता.

शून्यावरून ४० शिलिंगवर गेल्यावर मच्छरदाणी घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरले. शंभर स्त्रियांमागे साठ जणी कमी झाल्या. ज्यांनी पैसे देऊन घेतली, त्या ती जास्त वापरत होत्या का? संशोधकांनी घरी जाऊन पाहिले, तेव्हा फुकट मिळालेल्या स्त्रियाही तितक्याच प्रमाणात वापरताना आढळल्या. मग पैसे देणाऱ्या निदान जास्त आजारी, जास्त गरजू होत्या का? तेही दिसले नाही. तिन्ही कारणांपैकी शेवटचे तेवढे उरले, थोडा खर्च निघण्याचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिळणारे संरक्षण हिशेबात धरले, तर फुकट वाटपाने कितीतरी जास्त जीव वाचू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

एक शंका तरीही उरत होती. आज फुकट दिले तर उद्या लोक विकत घेणारच नाहीत, सवय लागेल. दुपा यांनी पुढे तेही तपासले. ज्या घरांना पहिली मच्छरदाणी फुकट किंवा जवळपास फुकट मिळाली होती, ती घरे वर्षभराने दुसरी विकत घ्यायला उलट जास्त तयार होती. वस्तूचा उपयोग त्यांनी अनुभवला होता.

दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये मच्छरदाण्या फुकट किंवा अतिशय सवलतीत देण्याची शिफारस केली होती आणि देशोदेशी मोठी वाटपे झाली. २००० ते २०१५ या काळात मलेरियाविरोधी उपायांनी आफ्रिकेत सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले आणि त्यांतले दोनतृतीयांशाहून अधिक मच्छरदाण्यांमुळे, असा अंदाज २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला गेला.

अर्धा डॉलर सुचवणारे लोक दुष्ट नव्हते आणि बिनडोकही नव्हते. वाद घालणाऱ्या दोघांच्या मधून पाहिले की अर्धा डॉलर म्हणजे ‘जवळजवळ फुकटच’ वाटते. दवाखान्याच्या रांगेत, कनवटीला रोकड नसलेल्या बाईच्या जागेवरून पाहिले, तर शून्य आणि ४० शिलिंग यांत घेता येणे आणि न येणे एवढे अंतर असते.

मध्य मोजायचा तरी कुठून?

मंडईत घासाघीस करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. विक्रेत्याने पाचशे सांगितले आणि गिऱ्हाईक तीनशेवर अडले, तर सौदा चारशेच्या आसपास तुटतो. विक्रेत्याने सुरुवातच नऊशेने केली असती, तर ‘समंजस’ भाव सहाशे झाला असता. वस्तू तीच, तिचा खर्च तोच. मध्य सरकला, कारण एक टोक सरकले. धोरणाच्या वादात हीच युक्ती वापरली जाते. ज्याला मधले हवे आहे असे कळते, त्याच्यासमोर आपले टोक आणखी लांब नेऊन ठेवले की काम होते. मध्यममार्गी माणूस आपण कुणाचे ऐकत नाही असे समजत असतो, आणि तो प्रत्यक्षात दोघांचेही ऐकत असतो.

महाराष्ट्रातले एक जुने उदाहरण इथे चपखल बसते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात ग्रामीण मजुरांच्या किमान मजुरीचा प्रश्न होता. रोजगार हमी योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांच्या समितीने दिवसाला ४ रुपये हा आकडा काढला होता. तरुण डॉक्टर अभय बंग यांनी तो हिशेब उलगडून पाहिला. उन्हात राबणाऱ्या मजुराला अन्न किती लागते, इथपासून त्यांनी गणित पुन्हा मांडले आणि समितीने गरज कमी धरल्याचे दाखवले. त्यांचे उत्तर १२ रुपये आले. आता ४ आणि १२ यांच्या मधला ८ हा आकडा कुणालाही सुचेल. पण त्या आठाला कोणताच आधार नव्हता. तो समितीच्या गणितातून येत नव्हता आणि बंग यांच्याही नाही. वाद उष्मांकांचा होता आणि तो उष्मांक मोजूनच सुटणार होता.

‘डावे’ आणि ‘उजवे’ या शब्दांचा उगमही बसण्याच्या जागेत आहे, हे इथे आठवते. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या अधिकारांचे पाठीराखे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि विरोधक डाव्या हाताला. तिथून हे शब्द जगभर गेले. सभागृहात कोण कुठे बसले होते, याचा मच्छरदाणीशी किंवा मजुराच्या भाकरीशी काही संबंध असण्याचे कारण नाही.

मग ‘सुवर्णमध्य’ या जुन्या कल्पनेचे काय? तिचा वारसा ॲरिस्टॉटलकडे जातो, पण त्याने अंकगणितातला मध्य नेमका नाकारला होता. त्याचे उदाहरण तालमीतल्या कुणालाही पटेल असे आहे. दहा माप अन्न फार होते आणि दोन माप कमी पडते, म्हणून वस्ताद प्रत्येकाला सहा माप वाढत नाही. मिलोसारख्या नामांकित पैलवानाला सहा अपुरे पडेल आणि आखाड्यात पहिल्यांदा उतरलेल्याला ते जड होईल. चोरी, खून अशा गोष्टींना तर मध्यच नसतो, असेही तो सांगतो. गौतम बुद्धांच्या मध्यम मार्गाचे नाव या वादात बरेचदा घेतले जाते. बुद्धांनी राजवाड्यातले सुख आणि हाडांचा सापळा होईपर्यंतचे तप, दोन्ही स्वतः करून पाहिले, ती निरुपयोगी ठरली आणि मग त्यांनी तो मार्ग सांगितला. दोन पक्षांची निवेदने समोर ठेवून मधली रेघ मारण्याशी त्याचे काही नाते नाही.

तरीही मधल्या पर्यायाची ओढ खोल असते. दुकानात लहान, मध्यम आणि मोठा असे तीन आकार ठेवले की पुष्कळ लोक मध्यम उचलतात. इटामार सायमनसन यांनी १९८९ मध्ये ग्राहकांवरच्या संशोधनात हा कल दाखवून दिला होता. कारण मधल्या निवडीचे समर्थन करणे सोपे असते. चूक झाली तरी कुणी मूर्ख म्हणत नाही.

मुंबईचे गोठलेले भाडे

मच्छरदाणीच्या गोष्टीवरून कुणाला वाटेल की पुरावा नेहमी फुकट देणाऱ्यांच्या, म्हणजे ढोबळमानाने डाव्या बाजूला झुकतो. घरभाड्याच्या नियंत्रणाचा अनुभव उलट दिशेने जातो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांचा लोंढा वाढत होता आणि फाळणीनंतर निर्वासितही आले. भाडे भडकू नये म्हणून नियंत्रण आले, आणि १९४७ च्या कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. त्या क्षणी हा निर्णय क्रूर म्हणता येणार नव्हता. कायदा तात्पुरता होता. मग त्याला मुदतवाढ मिळत गेली, पुन्हा पुन्हा, अर्धशतकभर. मालकाला मिळणारे भाडे डागडुजीलाही पुरेना. भाड्याने देण्यासाठी घरे बांधण्यात काही उरले नाही, म्हणून नव्या इमारती मालकी हक्काच्या सदनिकांच्या होऊ लागल्या. भाड्याने जागा हवी तर पागडी, तीही टेबलाखालून. चाळी आणि इमारती इतक्या खिळखिळ्या झाल्या की १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर बसवावा लागला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईकर दर पावसाळ्यात वाचतो, बहुतेक वेळा इमारत कोसळल्याच्या बातमीत.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे म्हटले. त्यानंतर राज्याने नवा कायदा केला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. एकीकडे नियंत्रण पूर्ण उठवा म्हणणारे मालक, दुसरीकडे हात लावू नका म्हणणारे भाडेकरू. सरकारने मधला मार्ग काढला. नियंत्रण राहिले, पागडीला कायद्याची मान्यता मिळाली आणि मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली.

चार टक्के ऐकायला वाजवी वाटतात. ते कशावर, हा प्रश्न आहे. ज्या खोलीचे भाडे २००० मध्ये १०० रुपये होते, तिचे भाडे दरवर्षी ४ टक्क्यांनी चक्रवाढीने वाढले, तरी २५ वर्षांनी सुमारे २६७ रुपये होते. त्यात मजल्याची गळती निघत नाही. वाढीचा दर वादावादीतून ठरला आणि ज्या पायावर तो लावायचा, तो जुनाच राहिला.

भाडेनियंत्रणाचा परिणाम काटेकोरपणे मोजण्याची संधी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मिळाली. तिथे १९९४ मध्ये मतदारांनी १९८० पूर्वी बांधलेल्या छोट्या इमारतींनाही नियंत्रण लागू केले, त्यानंतर बांधलेल्या तशाच इमारती सुटल्या. म्हणजे सारख्या इमारतींचे दोन गट केवळ बांधकामाच्या सालामुळे वेगळे पडले. रिबेका डायमंड, टिम मॅकक्वेड आणि फ्रँकलिन चियान या संशोधकांनी दोन्हींचा पुढचा प्रवास तपासला. नियंत्रणाखाली आलेल्या मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी कमी केला. कुणी इमारत पाडून नवी बांधली, कुणी सदनिका विकायला काढल्या. त्यामुळे शहरभरातले भाडे सुमारे ५ टक्क्यांनी वाढले. जे भाडेकरू आत होते त्यांचे भले झाले आणि जे बाहेरून शहरात येऊ पाहत होते, त्यांनी त्याची किंमत मोजली.

मात्र ‘आत असणाऱ्यांचे भले’ हा भाग बाजारवाले पटकन गिळून टाकतात, आणि तोही याच अभ्यासात आहे. नियंत्रणामुळे भाडेकरू आपल्या पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली होती. म्हाताऱ्या माणसाला शेजार, दवाखाना आणि सवयीचा रस्ता सोडावा लागला नाही, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत भाडे महागाईनुसार थोडे वाढत होते आणि जागा रिकामी झाली की नव्याने ठरत होते. मुंबईतली गोठण त्याहून कितीतरी कडक होती. तेव्हा तिथला आकडा उचलून इथे चिकटवता येत नाही. दिशा मात्र दोन्हीकडे एकच दिसते, आणि भाडेकरूला आधार द्यायचाच तर तो मालकाच्या खिशातून न देता सरकारी मदतीच्या रूपाने देता येईल का, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. नियंत्रण ठेवा की उठवा, या दोरीखेचीत तो कुणी विचारतच नव्हते.

आणि कधी मध्यच बरोबर निघतो

सूक्ष्मकर्जाचे असे झाले. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेला आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा छोटे कर्ज गरिबी संपवणार असे वातावरण होते. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, आंध्र प्रदेश सरकारला वसुलीच्या जाचामुळे सूक्ष्मवित्त कंपन्यांना लगाम घालणारा अध्यादेश काढावा लागला आणि तेच कर्ज सावकारी पाश ठरले.

दोन्ही बाजूंकडे खरी माणसे आणि खऱ्या कहाण्या होत्या. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग, आणि बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया व मोरोक्को इथले तसेच प्रयोग २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांतून निघाले ते असे: काहींचा धंदा थोडा वाढला, हाताशी पैसा असण्याची सोय झाली, पण सरासरी कुटुंबाची कमाई किंवा मुलांचे शिक्षण यांत मोठा पालट झाला नाही. सर्वनाशही सर्रास दिसला नाही. थोडक्यात, उत्तर मधोमध आले. पण सहा देशांत मोजून आलेला हा मध्य आणि २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत बसून कुणी सुचवला असता तो मध्य, दिसायला सारखे असले तरी एक माहिती आहे आणि दुसरा अंदाज.

सर्वेक्षणातला ‘मध्यममार्गी’ कोण असतो?

मतदारांना एका पट्टीवर डावीकडून उजवीकडे मांडले की बरेच जण मध्यभागी येतात. त्यावरून सामान्य माणूस मध्यममार्गी असतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूकमन यांनी याला छेद दिला. एखाद्याचे एका प्रश्नावर अगदी कडवे डावे आणि दुसऱ्यावर तितकेच कडवे उजवे मत असेल, तर बेरीज करून तो मध्यभागी दिसतो. त्याचे एकही मत मध्यम नसते. पट्टी फक्त सरासरी दाखवते.

पुरावा बघून मत ठरवणारा माणूसही या पट्टीवर असाच फसवा दिसेल. मच्छरदाणीवर तो सॅक्स यांच्यासोबत, भाड्यावर मालकांच्या थोडा जवळ, सूक्ष्मकर्जावर मध्ये. म्हणून त्याला मध्यममार्गी म्हटले जाते, आणि दोन्ही गल्लती तिथून सुरू होतात.

पुराव्याचे नाव घेणारेही घसरतात

‘मी फक्त आकडे बघतो’ म्हणणाऱ्यावरही लगेच विश्वास ठेवू नये. अमेरिकेतले डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक लोकांना आकड्यांचे एक कोष्टक सोडवायला दिले. काहींना सांगितले की हे त्वचेच्या मलमाच्या चाचणीचे आकडे आहेत. काहींना तेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्हेगारीचे म्हणून दिले. मलमाचे गणित आकड्यांत हुशार असलेल्यांनी बरोबर सोडवले. बंदुकांचे गणित मात्र त्याच प्रकारच्या हुशार लोकांनी उत्तर आपल्या राजकीय मताला सोयीचे असेल तेव्हाच जास्त बरोबर सोडवले. गैरसोयीच्या उत्तरापाशी त्यांची हुशारी थांबली. हुशार लोकांमधली दरी साध्या लोकांमधल्या दरीपेक्षा रुंद निघाली.

दुसरी अडचण, एका जागेचा निष्कर्ष दुसऱ्या जागी नेण्याची. झांबियात पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या बाटल्या वेगवेगळ्या किमतींना विकून पाहिल्या, तेव्हा जास्त पैसे द्यायला तयार असलेली घरे ते पिण्याच्या पाण्यात जास्त वापरतात, असे दिसले. तिथे किमतीने खरा गरजू वेगळा काढण्याचे काम काही अंशी केले. पैसे मोजल्यामुळे वापर वाढतो, हे मात्र तिथेही सिद्ध झाले नाही. म्हणजे ‘फुकटच चांगले’ हा नियम केनियातून निघत नाही. त्या वस्तूबद्दल, त्या स्त्रियांबद्दल, त्या किमतींबद्दल तेवढे निघते.

तिसरी गोष्ट पुराव्याच्या आवाक्याबाहेरची आहे. गिरगावातल्या भाडेकरूचे स्थैर्य मोठे की नोकरीसाठी येणाऱ्या तरुणाची खोली, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगात सापडणार नाही. कुणाला किती मिळते आणि कुणाकडून किती जाते, एवढे प्रयोग सांगतो. वजन कुणाला द्यायचे, हे राजकारणच ठरवते आणि तेच ठरवू शकते.

त्यामुळे तडजोडीला तिची जागा आहे. विधिमंडळात बहुमत जमवायचे तर देवाणघेवाण करावीच लागते आणि अर्धा चांगला कायदा अनेकदा काहीच नसण्यापेक्षा बरा असतो. पण ती तडजोड कायद्याची असते. काय घडते आहे याबद्दलच्या मताची तडजोड आधीच करून आलेला माणूस त्या टेबलावर कशाची देवाण करणार? आणि जिथे पुरावाच नाही, तिथे प्रामाणिक उत्तर ‘पन्नास टक्के’ असे नसून ‘माहीत नाही, छोट्या प्रमाणात करून पाहू’ असे असते.

फुकटच्या वादाकडे असे पाहिले, तर त्याचे तुकडे पडू लागतात. बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखवले की त्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधले अंतर ४० टक्क्यांनी घटले. पंजाबात शेतीला मिळणारी फुकट वीज दुसऱ्या प्रकारची आहे. तिथे प्रत्येक जादा तास पंप चालवणे शेतकऱ्याला मोफत पडते आणि भूजल खाली खाली जाते. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. एक मुलगी एका सायकलीवर शाळेत जाते, ती दहा सायकली वापरत नाही. पंपाचे बटण कधी बंद करायचे, हे सांगणारे बिल मात्र आता येत नाही, आणि विहिरीची पातळी मोजायची तर ती उन्हाळ्यात, विहिरीवर जाऊनच मोजावी लागते.